दम्याची कारणं आणि दम्याची निमित्तं : गोव्यातल्या फोंडा परिसरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

२३ जून २०२५

विषय मंजूर झाला तो 'दम्याची कारणे' या नावाने. कागदावर तेच राहील, पण वहीत आजपासून दोन रकाने. डावीकडे ज्यामुळे दमा जडतो ते, उजवीकडे ज्यामुळे जडलेला दमा बळावतो ते. उदबत्ती, पावसाळी गारवा, फोडणीचा खाट, धावपळ, सर्दी या सगळ्यांना लोक सरसकट 'कारण' म्हणतात. त्यातलं बरंचसं उजव्या रकान्यातलं असतं.

रकाने पाडण्यामागचं शरीरशास्त्र थोडक्यात असं : दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सतत सूज असते. त्या सुजेने नळ्या चिडक्या होतात. मग एरवी काही न करणाऱ्या गोष्टीनेही भोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर फुगतं, चिकट कफ साचतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो. सूज मुळात का आली हा डावा प्रश्न. आज पहाटे नळ्या का आवळल्या हा उजवा.

डाव्या रकान्यात सध्या : आनुवंशिकता (२००७ साली १७व्या गुणसूत्रावरचा १७क्यू२१ हा पट्टा लहानपणीच्या दम्याशी जोडला गेला, मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्याशी त्याचं नातं कमकुवत आहे), गरोदरपणी आईचं धूम्रपान, तान्हेपणी विषाणूंमुळे वारंवार वाजणारी छाती, लहान वयात धूळकिडे किंवा बुरशीची ॲलर्जी बसणं, आणि कामाच्या जागेची धूळ किंवा रसायन. उजवा रकाना आपोआप भरेल, त्याची चिंता नाही.

२७ जून

प्रश्नावली. 'तुम्हाला दमा आहे का?' हा प्रश्न काढून टाकला. घरोघरी त्याला 'ॲलर्जीचा खोकला', 'बाळदमा', 'छाती भरते' म्हणतात आणि लग्नाच्या वयाची मुलं घरात असली की दमा हा शब्द उच्चारलाच जात नाही. म्हणून निदान विचारायचं नाही, लक्षणं विचारायची, तीही गेल्या १२ महिन्यांतली : छातीत शिट्टी वाजली का, त्या आवाजाने झोपमोड झाली का, चढ चढताना वा खेळताना छाती वाजली का, सर्दी नसताना रात्री कोरडा खोकला आला का.

ही पद्धत 'आयझॅक' या आंतरराष्ट्रीय पाहणीची. १९९१ साली सुरू झालेल्या या पाहणीचे १९९८ साली छापलेले आकडे ५६ देशांतल्या १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांचे आहेत. देशादेशांतला फरक वीसपटीहून जास्त निघाला. ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड वर, भारत खालच्या टोकाला. एवढा फरक नुसत्या गुणसूत्रांनी पडत नाही. शब्दांचा घोळ टाळायला त्यांनी मुलांना धाप लागलेल्या माणसांची चित्रफीतही दाखवली होती. आपणही छातीतल्या शिट्टीचा आवाज मोबाइलवर ऐकवायचा.

वयाची मर्यादा १८ ते २५. चाळिशीपुढची माणसं घेतली तर चुलीच्या किंवा विडीच्या धुराने होणारा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यात मिसळतो आणि नुसत्या प्रश्नांनी तो वेगळा काढता येत नाही. लेखी संमती, महाविद्यालयाच्या नीती समितीची परवानगी, नावाऐवजी क्रमांक. कुणाच्याही औषधात आपण हात घालायचा नाही, 'दोन दिवस पंप घेऊ नका, बघू काय होतं' असलं काहीही नाही.

४ जुलै

आर्द्रतामापक तपासणे. बाजारातल्या स्वस्त डिजिटल यंत्रांची दोन नगं शेजारी ठेवली तरी आकडे जुळत नाहीत, म्हणून आधी मिठाची कसोटी. झाकणाच्या बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्यायचं, थेंबथेंब पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखं झालं की थांबायचं. मीठ विरघळून वर पाणी दिसलं तर पाणी जास्त झालं. बूच आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी ठेवायचे, पाणी यंत्राला लागू द्यायचं नाही, आणि १० ते १२ तास डबा उघडायचा नाही. २५ अंशांच्या आसपास डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७९ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक नोंदीतून ४ वजा. वजाबाकीचा आकडा यंत्राच्या पाठीवर चिकटवून ठेवायचा.

यात गोव्यात हमखास होणारी गडबड म्हणजे आगरातलं खडे मीठ. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढतं (पावसात असल्या मिठाला पाणी सुटतं ते याचमुळे). निव्वळ मॅग्नेशियम क्लोराइडवर डब्यातली आर्द्रता ३३ टक्क्यांपर्यंतच राहते. खडे मिठात ते थोडं असलं तरी ७५चा भरवसा उरत नाही. स्वयंपाकाला आगरातलं मीठ चांगलं, कसोटीला पाकिटातलं शुद्ध मीठच.

मापक कुठे ठेवायचा हेही ठरलं. भिंतीवर टांगून उपयोग नाही. धूळकिडा गादीत राहतो, म्हणून एक मापक चादरीखाली पायथ्याशी आणि दुसरा खोलीत, जमिनीपासून मीटरभर उंच. चिऱ्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते, त्यामुळे भिंतीला टेकलेल्या कपाटामागे तिसरा. एकाच खोलीतले हे तीन आकडे तीन वेगळ्या हवामानांचे असतात.

११ जुलै

धुळीचे नमुने. धूळकिडा ०.३ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. तो पाणी पीत नाही, हवेतली वाफ अंगात शोषून घेतो. म्हणून ५० टक्क्यांखालची आर्द्रता टिकून राहिली की तो सुकून मरतो, आणि ७०-८० टक्क्यांत फोफावतो. जुलैतल्या गोव्यात खिडकी उघडी असताना ५० टक्के हा आकडा स्वप्नातही दिसायचा नाही. दमा चाळवतो तो किडा चावल्याने नव्हे, त्याच्या विष्ठेतल्या डेर पी १ या प्रथिनाने. हे प्रथिन पाचक आहे, अस्तराच्या पेशींमधले सांधे तोडून ते आत शिरतं.

रीत : व्हॅक्यूम क्लीनरची नळी आणि तोंड यांच्यामध्ये बारीक विणीच्या सुती कापडाची पिशवी अडकवायची. गादीचा १ चौरस मीटर भाग खडूने आखून बरोबर २ मिनिटं ओढायचा, उशीकडचा अर्धा भाग धरून. पिशवी वेगळी करून, तोंड बांधून, क्रमांक टाकायचा. प्रयोगशाळेत धूळ चाळायची, केस आणि कापूस काढायचा, मग रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात. ही पायरी गाळली तर पावसाळ्यातल्या धुळीत पाण्याचंच वजन येतं आणि 'प्रति ग्रॅम' हा आकडा खोटा कमी निघतो.

वाळलेली ५० मिलिग्रॅम धूळ, १० मिलिलिटर संपृक्त मिठाचं पाणी, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. हलवून अर्धा तास स्थिर ठेवायचं. माती तळाला जाते, किडे आणि त्यांच्या काती वर तरंगतात. वरचं पाणी मेथिलीन ब्लूने निळ्या केलेल्या गाळणकागदावर ओतायचं, निळ्यावर पांढुरका किडा उठून दिसतो. ४० पट मोठं करून मोजणी. मोजलेली संख्या गुणिले २० म्हणजे प्रति ग्रॅम.

तुलनेसाठी जगभर वापरलेले उंबरठे : प्रति ग्रॅम १०० किडे (किंवा २ मायक्रोग्रॅम डेर पी १) म्हणजे ॲलर्जी बसण्याचा धोका, ५०० किडे (१० मायक्रोग्रॅम) म्हणजे लक्षणं वाढण्याचा. पहिला उंबरठा डाव्या रकान्याचा, दुसरा उजव्या. एकच किडा दोन्हीकडे बसतो, फक्त मात्रा वेगळी.

ओळख पटवताना अंगावर बोटांच्या ठशासारख्या रेषा दिसल्या तर डर्मॅटोफॅगॉइडिस; गोलसर अंग आणि लांब केस दिसले तर ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस, उष्ण दमट किनाऱ्यांवरचा. काचपट्टीवर आधी लॅक्टिक आम्लाचा थेंब टाकून किडा पारदर्शक होऊ द्यावा, नाहीतर केस दिसतच नाहीत. आणि जिवंत किडा धाग्याला घट्ट धरून बसतो, त्यामुळे व्हॅक्यूमने आलेला आकडा नेहमी खऱ्याहून कमी. एका घराची दुसऱ्याशी तुलना त्यावर करता येते, 'गादीत एवढे किडे आहेत' असं म्हणता येत नाही.

१४ जुलै

सूक्ष्म धुळीचा सेन्सर. लेझरच्या उजेडात कण मोजणारं हे स्वस्त यंत्र पावसाळ्यात फसवतं : आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्राला ते मोठे दिसतात. बाहेर धो धो पाऊस असताना पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) चढलेलं दिसलं तर ते धुकं. ८० टक्क्यांवरच्या नोंदी वेगळ्या रंगात लिहायच्या आणि सरासरीत धरायच्या नाहीत.

घरातली मोजणी मात्र आत्ताच व्हायला हवी. दारं-खिडक्या बंद आणि डासांसाठी कॉइल पेटलेली, हा जोड पावसाळ्यातलाच. २००३ साली छापलेल्या एका मोजणीत एक कॉइल जळून जाताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ बाहेर पडतात असं निघालं होतं. मच्छरदाणी लावणाऱ्या घरांची नोंद वेगळी ठेवायची.

२२ जुलै

बुरशी. ती वाढवायचं माध्यम, पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार, लिटरला ३९ ग्रॅम, जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल १०० मिलिग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटं, मग ९० मिलिमीटरच्या ताटलीत साधारण २० मिलिलिटर. खोलीच्या मध्ये, मीटरभर उंचीवर, १५ मिनिटं झाकण उघडं. त्या वेळात पंखा बंद, झाडू नाही, ये-जा नाही. नंतर ताटल्या पालथ्या, २५ ते २८ अंशांवर ५ ते ७ दिवस. सरळ ठेवल्या तर झाकणावरचं पाणी ठिबकून वसाहती एकमेकींत वाहतात.

या पद्धतीचा कल मोठ्या, जड बीजाणूंकडे. अल्टरनेरिया पटकन खाली बसतो म्हणून जास्त दिसतो, ॲस्परजिलसचे २ ते ४ मायक्रॉनचे बीजाणू तरंगत राहतात म्हणून कमी दिसतात. नेमके तेच खोल फुफ्फुसापर्यंत जातात. म्हणजे ताटलीवर कमी, ते घातक कमी, असा अर्थ काढायचा नाही. रायझोपस उगवला तर दोन दिवसांत अख्खी ताटली कापसासारखी व्यापतो. अशा ताटल्यांवरची मोजणी तिसऱ्या दिवशीच उरकावी किंवा माध्यमात रोझ बेंगाल (बुरशीचा पसारा रोखणारा रंग) घालावा.

ज्याला दमा आहे त्याने हे काम करायचं नाही. वाढलेली ताटली उघडायची नाही, चिकटपट्टीने बंद, टाकण्याआधी पुन्हा १२१ अंश.

अल्टरनेरियाची ॲलर्जी आणि जिवावर बेतणारे झटके यांचा संबंध दाखवणारा पुरावा आहे, म्हणून तो उजव्या रकान्यात ठळक. घरातली ओल आणि बुरशी लहान मुलांत दमा नव्याने जडवते याचाही पुरावा जमत आला आहे. डावीकडे लिहिलं, पेन्सिलने.

१ ऑगस्ट

पीक फ्लो, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणं. काटा शून्यावर, उभं राहून, छाती भरून श्वास, ओठ घट्ट, एकच जोरदार फुंकर. तीनदा, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. जीभ लावून थुंकल्यासारखं फुंकलं की आकडा खोटाच चढतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाची फुंकर डोळ्यांनी बघितल्याशिवाय यंत्र घरी द्यायचं नाही. जुन्या राइट पट्टीची आणि नव्या युरोपीय पट्टीची यंत्रं मिसळायची नाहीत, एकाला शेवटपर्यंत एकच यंत्र.

सकाळी पंप घेण्याआधी आणि संध्याकाळी, दोन आठवडे. रोजचा मोठा आकडा वजा लहान, भागिले दोघांची सरासरी. समजा सकाळी ३८०, संध्याकाळी ४४० : फरक ६०, सरासरी ४१०, म्हणजे १४.६ टक्के. दोन आठवड्यांची सरासरी मोठ्यांत १० टक्क्यांवर गेली तर दम्याचा संशय बळकट, निदान मात्र डॉक्टरांचं. तिथे स्पायरोमेट्री होते : साल्ब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधानंतर पहिल्या सेकंदाची फुंकर १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढते का ते बघतात.

जून-जुलैच्या तक्त्यांचा अर्थ लावताना एक पेच आहे. ओल, धूळकिडे, बुरशी, कॉइल, बंद खिडक्या आणि वर्ग भरल्यावर पसरणारी सर्दी हे सगळं एकाच वेळी येतं. मुलांतल्या बहुतेक झटक्यांमागे विषाणू सापडतात, आणि त्यातही ऱ्हायनोव्हायरस पुढे. तेव्हा आकडे पडले त्याआधीच्या तीन दिवसांत नाक गळत होतं का, हा रकाना तक्त्यात वाढवला. तो नसता तर सगळं खापर गादीवर फुटलं असतं.

९ ऑगस्ट

पोदेराची (पाववाल्याची) बेकरी. डावा रकाना सर्वांत स्वच्छ दिसतो तो कामाच्या जागी, कारण तिथे माणूस धडधाकट येतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आजारी पडतो. पिठातली गव्हाची प्रथिनं आणि पाव सुधारायला घातलं जाणारं बुरशीजन्य अल्फा-अमायलेज हे विकर, दोन्हींविरुद्ध शरीर आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) बनवतं. आधी नाक : पोतं उघडताच शिंकांची सर, डोळ्यांना खाज. छाती नंतर. नाकाच्या टप्प्यावर धूळ तोडली तर पुढचं टळण्याची शक्यता बरीच.

धूळ कुठे उडते ते जवळून पाहिलं. भट्टीपाशी फारशी नाही. पोतं उंचावरून रिकामं करताना, मिक्सर एकदम वेगात सुरू करताना, पोळ्यांवर (कोंडा लावलेल्या गोव्याच्या पावांवर) कोंडा मुठीने भुरभुरवताना आणि शेवटी कोरड्या झाडूने जमीन झाडताना. उपाय बिनखर्चाचे आहेत : पोत्याचं तोंड भांड्याच्या आत नेऊन सोडायचं, पहिली दोन मिनिटं मिक्सर मंद आणि झाकलेला, भुरभुरवायला मुठीऐवजी चाळणी टेबलाच्या जवळ धरून, जमीन ओल्या फडक्याने. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची सवय सगळ्यांत वाईट.

इथे सकाळ-संध्याकाळची फुंकर पुरत नाही. दिवसाला किमान चार वेळा, सलग तीन-चार आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दिवस धरून. कारण कामाच्या धुळीची प्रतिक्रिया पुष्कळदा ४ ते ८ तासांनी येते. पोदेर मध्यरात्रीनंतर पीठ मळतो, धाप लागते सकाळी घरी, आणि दोष जातो घरातल्या मांजराला. आठवड्याची एक सुट्टीही पुरत नाही, सुजलेली नळी सावरायला बरेच दिवस लागतात.

२२ ऑगस्ट

चवथीची (गणेशचतुर्थीची) साफसफाई. माळ्यावरच्या समया, पेट्या, वर्षभर न हललेली गाठोडी खाली येतात. सहभागींना सूचना : दम्याच्या माणसाने झाडायला उभं राहू नये, राहावंच लागलं तर एन ९५ मास्क, नाकावरची पट्टी दाबून. ओलं फडकं आधी, झाडू नंतर. धूळकिड्याचे कण मोठे असतात, झाडलं की काही मिनिटांत खाली बसतात. मांजराचं प्रथिन तासन्तास तरंगतं. माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीची) हिरवळ पाच दिवसांवर राहिली तर फळांवर बुरशी धरते, ती वेळेत उतरवावी.

६ सप्टेंबर

कारण पक्कं कसं करतात, याचा नमुना म्हणून बार्सिलोना. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात दम्याच्या २६ साथी आल्या : एकेका दिवशी अचानक तातडीच्या विभागांत गर्दी. पत्ते नकाशावर टाकले तर रुग्ण बंदराभोवती. मग बंदराची दैनिकं काढली, कुठल्या दिवशी कुठला माल उतरला ते. साथीच्या दिवशी सोयाबीन उतरत होतं आणि वारा मंद होता. रक्त तपासलं तर साथीतल्या ८६ पैकी ६४ रुग्णांत सोयाबीनविरुद्ध आयजीई, साथीबाहेरच्या ८६ दमेकऱ्यांत फक्त ४. बंदरातल्या सोयाबीनच्या कोठाराला गाळण्या नव्हत्या. त्या बसवल्यावर साथी थांबल्या. जागा, वेळ, रक्त, आणि काढून घेतल्यावर थांबणं, अशा चारही बाजू जुळल्या. तिथेही सोयाबीन दोन्ही रकान्यांत आहे : आधीच्या वर्षांच्या धुळीने ॲलर्जी बसवली, मोठ्या दिवसाच्या धुळीने झटका आणला.

आपल्याकडे लगेच विचारलं जातं ते डिचोली-सांगेच्या खाणींबद्दल आणि मुरगाव बंदरातल्या कोळशाबद्दल. बार्सिलोनाची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. खनिजाच्या किंवा कोळशाच्या भुकटीविरुद्ध आयजीई बनत नाही, त्यामुळे रक्ताचा दुवा निखळतो. ती धूळ नळ्यांना डिवचते, म्हणजे उजवा रकाना पक्का. डाव्यासाठी खाणी २०१२ साली थांबल्या आणि २०१८च्या सुरुवातीला ८८ लीज रद्द झाल्या, त्या आधीच्या आणि नंतरच्या एकाच पद्धतीने ठेवलेल्या नोंदी लागतील. रुग्णालयाच्या रजिस्टरात 'धाप' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून दमा, सीओपीडी, क्षयानंतरची फुफ्फुसं वेगळी निघत नाहीत. अहवालात खाणींवर अर्धं पान, त्याहून जास्त लिहिणं पुराव्याला धरून होणार नाही.

२० सप्टेंबर

डाव्या रकान्यातली उलटी बाजू : दम्यापासून राखणारं काही. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमध्ये दाखवलं की मोठ्या भावंडांच्या घरात परागज्वर (परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी) कमी. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या शेतकरी समाजांवरचं २०१६चं काम त्याहून नेमकं. वंश जवळचा, आहार जवळचा, पण आमिश मुलं घराजवळच्या गोठ्यात वावरतात, हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर. शाळकरी मुलांत दमा ५.२ टक्के विरुद्ध २१.३ टक्के. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचं (त्यांच्या आवरणातल्या द्रव्याचं) प्रमाण ६.८ पट.

यावरून 'शेणाने सारवा, दमा जाईल' असा निष्कर्ष कुणीतरी काढणारच. तो चुकीचा. हे राखणं गर्भापासून पहिल्या काही वर्षांपर्यंतचं. विशीतल्या दमेकऱ्याने गोठा झाडला तर त्याला मिळणार ते उजव्या रकान्यातलं.

४ ऑक्टोबर

सहभागींना द्यायचं माहितीपत्रक. ६० अंशांच्या पाण्यात चादरी-अभ्रे आठवड्याला धुणं : किडे मरतात, आणि डेर पी १ पाण्यात विरघळत असल्याने तेही निघून जातं. न धुता येणारी खेळणी-उश्या २४ तास फ्रीझरमध्ये, किडे मरतील, पण प्रथिन आतच राहील, म्हणून नंतर धुवावीच. सावरीच्या कापसाची जुनी उशी बदलावी. पावसाची उघडीप मिळताच गादी थेट उन्हात, दोन्ही बाजूंनी.

किडे अडवणाऱ्या खोळींबद्दल जपून लिहायचं. ब्रिटनमध्ये १,१२२ प्रौढांवर २००३ साली नुसत्या खोळी वापरून फायदा दिसला नाही. २०१७ साली २८४ मुलांत मात्र खोळीवाल्यांपैकी २९.३ टक्के वर्षभरात झटक्याने रुग्णालयात गेले, साध्या खोळीवाल्यांपैकी ४१.५ टक्के. मुलांना आणि किड्यांची ॲलर्जी तपासून सिद्ध झालेल्यांना सुचवावं, बाकीच्यांचे पैसे वाचवावेत. यातलं काहीही सुजेवरच्या स्टेरॉइड पंपाऐवजी नाही, हे पहिल्याच ओळीत, ठळक.

१३ ऑक्टोबर

दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीची तयारी. १९ तारखेच्या संध्याकाळपासून २० तारखेच्या सकाळपर्यंत सेन्सर सलग चालू, दर मिनिटाला नोंद. पहाटे दव पडतं, त्यामुळे आर्द्रतामापक सेन्सरला चिकटून हवाच, ८० टक्क्यांचा नियम याही रात्री लागू. एक सेन्सर पुतळा जाळण्याच्या चौकापासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दुसरा वरच्या बाजूला, दोन्ही सारख्या उंचीवर. आधी तीन रात्री शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्यायचा. तुलना भारतीय मानकाच्या २४ तासांच्या ६० मायक्रोग्रॅमशी आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १५ शी, तीही पूर्ण २४ तासांच्या सरासरीची. फटाक्यांच्या दहा मिनिटांचा आकडा त्या मानकाशेजारी ठेवायचा नाही. पीक फ्लो १७ ते २३, रोज चार वेळा. बॅटरी बँक दोन, प्लास्टिकचं छप्पर बाजूंनी उघडं, आणि ज्यांच्या गॅलरीत यंत्र राहील त्यांना त्या रात्री तिथे उदबत्ती लावू नका असं आधीच सांगून ठेवायचं.